तपासून घेतलेला काढा

मला संशय घ्यायचा पगार मिळतो. आनंदनगरला एमआयडीसीत औषधांचा एक कारखाना आहे, तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये मी कामाला आहे. बाहेरून आलेल्या पिंपावर 'साखर' असं लिहिलेलं असलं तरी आत साखर आहे असं आम्ही मानत नाही. नमुना काढायचा, तपासायचा, मगच सही करायची. इतकी वर्षं हेच केल्यावर ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्यानं वजन केलं की माझी नजर काट्यावर, रिक्षावाला सुटे नाहीत म्हणाला की त्याच्या खिशावर. दादा म्हणतो, "हिला कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तर ही आधी घड्याळ बघते." मी तो टोमणा मानत नाही. घड्याळ बघायलाच हवं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो, वहिनी आणि आई बदलापूरला राहतात. मी एकटी अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. मागच्या वर्षी आईच्या जिवावर बेतलं, त्याची ही हकीकत. पण ती सांगायची तर आधी एका परक्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. मी जे केलं ते बरंचसं त्याच्यामुळं केलं.

आमच्या कारखान्यात हृदयाची एक बारीक पांढरी गोळी बनते. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "बाकीच्या गोळ्यांत थोडं इकडंतिकडं झालं तर माणूस तक्रार करतो. हिच्यात झालं तर तक्रार करायला राहत नाही." ही गोळी एका फुलझाडाच्या पानांच्या वंशातली. आपल्या बाजूला ते झाड होत नाही. चित्रात पाहिलं तर तिळाच्या फुलाचं थोरलं भावंड वाटतं, जांभळं आणि आत ठिपके असलेलं. अडीचशे वर्षांपूर्वी ज्यानं त्या पानांचा छडा लावला तो इंग्लंडातला एक डॉक्टर होता. त्याच्याविषयी मिळेल ते मी वाचत गेले, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. सगळे त्याला 'हिचा डॉक्टर' म्हणतात. आईनं तर एकदा शेजारणीला सांगितलं होतं, "तिचा एक डॉक्टर आहे, पण तो मेलाय."

हा डॉक्टर मला आवडला तो त्याच्या खडूसपणामुळं. बाप औषधं देणारा, म्हणून हाही डॉक्टरकी शिकला. शिकताना झाडापानांचा विषय होता, तो त्याला अजिबात रुचत नसे. घरी तसं कळवलंही होतं. पुढं डॉक्टर झाल्यावर एक तरुण मुलगी पेशंट म्हणून आली. ती फुलांची चित्रं काढायची. तिला रानात जाता येईना, म्हणून हा तिच्यासाठी फुलं गोळा करून नेऊ लागला. मग दोघांचं लग्न झालं, आणि ज्याला पाल्याचा कंटाळा होता त्यानं आपल्या देशातल्या सगळ्या रानझाडांवर भलाथोरला ग्रंथ लिहिला. हे वाचतानाही माझ्या मनात आलंच, हा फुलांवर भाळला की बाईवर? पण लग्न टिकलं, तेव्हा मी तो मुद्दा सोडून दिला.

नंतर तो एका कारखान्यांच्या शहरात राहायला गेला. धूर, भट्ट्या, लोखंड. म्हणजे आमचं अंबरनाथच, फक्त थंडीतलं. गोरगरिबांना फुकट तपासायचा आणि उरलेल्या वेळात दगड, खनिजं, झऱ्यांचं पाणी असलं काय काय तपासत बसायचा. त्याचे मित्रही असेच हात काळे करून घेणारे. ते महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या सुमाराला एकत्र जेवायचे, कारण रात्री घरी परतताना वाट दिसावी. वैशाखातल्या पौर्णिमेला आईच्या आग्रहावरून मी तिच्या बदलापूरच्या बुद्धविहारात त्याच्यावर चार शब्द बोलले होते. पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांना ही गोष्ट फार पटली. एक म्हणाली, "म्हणजे तेपण पौर्णिमावालेच की!"

पण त्याचं खरं काम सुरू झालं ते एका म्हातारीपासून. अंगावर पाणी चढून सुजलेले रोगी, ज्यांच्यापुढं नावाजलेल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, ते त्या म्हातारीच्या काढ्यानं बरे व्हायचे. काढा घराण्यातला, कृती गुप्त. त्यात वीसेक वनस्पती होत्या. यानं म्हातारीला हसण्यावारी नेलं नाही आणि तिच्यावर विश्वासही ठेवला नाही. झाडं ओळखत होता म्हणून त्याला कळलं, की काम करणारं पान एकच, बाकीची नुसती वऱ्हाडी. मग कितीतरी वर्षं त्यानं तेवढं एकच पान रोग्यांना देऊन पाहिलं, आणि सगळं छापलं तेव्हा बरे झालेलेही छापले आणि न झालेलेही. सुरुवातीला आपण फार मोठा डोस देत होतो, हेसुद्धा त्यात आहे. पान जास्त झालं की काय होतं तेही त्यानं लिहून ठेवलंय: मळमळ, मंद नाडी, आणि रोग्याला सगळं पिवळं-हिरवं दिसायला लागतं. ही शेवटची ओळ मला तोंडपाठ होती. ती घरात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आईचं हृदय थकलंय. तिला हीच गोळी चालू आहे, शनिवार-रविवार सुट्टी देऊन. शिवाय पायाची सूज उतरायला लघवीची एक गोळी. पण आईला आजारी म्हटलेलं चालत नाही. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पूर्वी एक निवृत्त गुरुजी वाचायचे. ते मुलाकडं पुण्याला गेले, तेव्हा बायकांनी आईला पुढं केलं. आई चौथी शिकलेली, पण आवाज असा की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीलाही कान पुढं करावा लागत नाही. तेव्हापासून त्या भागात तिला सगळे 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासताना जी 'ए बाई' होती, ती आता 'बाई' झाली. त्यासाठी आई तापातही वाचायला गेली असती.

भाद्रपदात तिचं जेवण तुटलं. भाकरी बघितली की पोटात ढवळतं म्हणायची. जिना चढताना मध्येच थांबायची, आणि कुणी विचारलं की शेजारच्या दाराकडं बघत असल्यासारखं करायची. दादा म्हणाला वय झालं. वहिनी म्हणाली हवा खराब आहे. अश्विनातल्या एका रविवारी मी गेले होते, तेव्हा आई दिवाणावर पडून वर बघत होती.

"ट्यूबलाइटला काय झालंय गं? हळद लावल्यासारखी दिसते."

मी वर बघितलं. ट्यूब पांढरीफटक होती. आईचं मनगट धरून नाडी मोजली, ती रेंगाळत होती, मध्येच एखादा ठोका गाळत होती. गोळ्यांचा डबा आणून बघितला. सगळं जिथल्या तिथं. एकही गोळी जास्त गेलेली नव्हती. म्हणजे गोळी बरोबर आणि लक्षणं जास्तीची. मग जास्तीचं येतंय कुठून? मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि मी स्वयंपाकघरात गेले.

फ्रीजच्या दारात पाण्याच्या बाटलीत काळपट काहीतरी भरून ठेवलेलं होतं.

इथं वहिनीविषयी सांगायला हवं. वहिनी सिंधी, उल्हासनगरची, कॅम्प तीनची. तिच्या वडिलांचं जीन्स शिवायचं युनिट होतं आणि दादा तिथं मशीन दुरुस्त करायला जायचा. लग्न झालं तेव्हा आमच्याकडं तोंडं वाकडी झाली आणि तिच्याकडं तर दारच लागलं. पुढं ते उघडलं. तिच्या माहेरून सणाला डबे येऊ लागले, आईचं आणि तिचं मेतकूट जमलं. माझंच जमलं नाही. इतक्या वर्षांत तिनं आमचं काही वाईट केलं नाही, कधी उलटून बोलली नाही, आणि मला नेमकं तेच संशयास्पद वाटायचं.

"वहिनी, हे काय आहे?"

"काढा आहे, ताई. मम्मीनं पाठवला. आईंचे पाय सुजतात ना, त्याच्यासाठी."

"यात काय काय घातलंय?"

"ते मम्मी नाही सांगत कुणाला." ती हसली. "मेरी नानी सिंध से लाई थी ये नुस्खा. सांगितलं की गुण जातो म्हणते."

सुजलेले पाय, म्हातारी, घराण्यातला काढा, गुप्त कृती. माझ्या डॉक्टरची गोष्ट जशीच्या तशी आमच्या फ्रीजमध्ये येऊन बसली होती. सुतावरून स्वर्ग गाठायला मला वेळ लागला नाही. कण्हेर आणि बिट्टी, दोन्हींत त्या गोळीच्याच जातीचं विष असतं. बिट्टीची पिवळी फुलं तर शिवमंदिराच्या वाटेवर मी रोज पाहते. कुणा म्हातारीनं जुन्या समजुतीनं कण्हेरीचं मूळ उकळलं असेल, चुकून. आणि चुकून नसेल तर? बदलापूरचा फ्लॅट अजून आईच्या नावावर आहे, हेही त्याच दमात मनात येऊन गेलं. माझं मन असंच आहे. एकदा सुटलं की कुंपण बघत नाही.

"सध्या हा काढा बंद ठेवा," मी म्हटलं. "तिचं पोट बिघडलंय."

"ठीक आहे, ताई."

ती इतक्या चटकन हो म्हणाली, त्याचाही मला संशय आला. ती गच्चीवर कपडे काढायला गेली तेव्हा मी पर्समधल्या रिकाम्या बाटलीत थोडा काढा ओतून घेतला.

आईला म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चल. तर म्हणाली, पौर्णिमा तोंडावर आलीय, थोडीच पानं राहिलीत, वाचन मोडायचं नाही. दादा म्हणाला, शनिवारी सुट्टी आहे, शनिवारी नेतो. मी आकांडतांडव करायला हवं होतं. ते मला उत्तम जमतं. पण काढा तर बंद झाला होता, आणि पुरावा हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही कारखान्याची शिस्त अंगात मुरलेली. वाटलं, आधी निकाल येऊ दे, मग एकदाच काय ते बोलू, सगळ्यांसमोर.

बाहेरचा नमुना लॅबमध्ये आणायला बंदी आहे. मी तो जेवणाच्या सुट्टीत तपासला. साधी परीक्षा असते: गाळून, उकळून, त्यात एकदोन रसायनं घालून काचेच्या नळीच्या कडेनं जड आम्ल हळूच सोडायचं. त्या जातीचं विष असेल तर दोन थरांच्या मध्ये लालसर तपकिरी कडं उमटतं. आधी आमच्याच गोळीच्या भुकटीवर करून पाहिलं, कडं आलं. मग काढ्यावर केलं. काही नाही. परत केलं. पुन्हा काही नाही. नळीत नुसतं मातकट पाणी, आणि सुंठेचा वास.

मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझा हिरमोड झाला. कागदावर पक्की झालेली केस हातातून सुटावी तसं वाटलं, आणि मी चिडून नळी इतकी जोरात विसळली की ती फुटली. त्या दिवशी आईला फोन करायचंही मला सुचलं नाही.

बुधवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. आई वाचता वाचता पुस्तकावरच वाकली, बायकांनी धरून आडवी केली, आता उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये नेतोय. शेअर रिक्षाची वाट बघायचं भान नव्हतं; मी दिसेल ती रिक्षा थांबवली आणि भाडं न ठरवता बसले. वाटेत एकच विचार होता, आई राहिली पाहिजे. बाबा गेले तेव्हा मी शिफ्टला होते. आता पुन्हा तसं नको.

आयसीयूबाहेर दादा भिंतीला टेकून उभा होता, वहिनी बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण घाई न करता बोलणारे.

"गोळी बरोबर प्रमाणातच चाललीय," ते म्हणाले. "पण रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. ते खाली गेलं की तीच गोळी विषासारखी वागते. लघवीच्या गोळीनं थोडं जातं, पण इतकं नाही जाणार. तुम्ही बाहेरचं काही देता का? आयुर्वेदिक, घरगुती?"

वहिनी उठून उभी राहिली. "काढा देत होते, सर. माझ्या मम्मीनं पाठवलेला. पण ताई म्हणाल्या तेव्हापासून बंद आहे."

तिचा चेहरा उतरला होता. दादा तिच्याकडं बघायला लागला. मला तिची दया आली, अगदी मनापासून आली, आणि मी तिच्या मदतीला धावले.

"काढ्यात काही नाही, डॉक्टर. मी आमच्या लॅबमध्ये तपासून घेतलाय."

डॉक्टरांनी मान हलवली. वहिनी माझ्याकडं वळली.

"कधी तपासलात, ताई?"

मी आयसीयूच्या दाराकडं बघितलं.

"म्हणजे मला बंद करायला सांगितलं, पोट बिघडलंय म्हणून, तेव्हा तुम्ही घेऊन गेला होता?" तिचा आवाज चढला नाही. "काय शोधत होता त्याच्यात?"

दादानं विचारलं, "तू काय शोधत होतीस?" कण्हेर म्हणाले असते तर त्याचा अर्थ डॉक्टरांनाही कळला असता. मी तिला निर्दोष सोडलं होतं, पण त्यामुळंच तिला कळलं, की आपल्यावर खटला चालू होता.

वहिनी डॉक्टरांकडं वळली आणि बोटं मोजत सांगायला लागली. "सुंठ, बडीशेप, ओवा, धने, काळी मिरी, सुका पुदिना. बस. इतकंच आहे. मम्मी कुणाला सांगत नाही कारण सांगण्यासारखं काही नाहीच आहे त्याच्यात." डॉक्टर म्हणाले, यानं असं होणार नाही, दुसरं काही आठवलं तर सांगा, आणि आत गेले.

त्या बाकावर आम्ही तिघं बसून राहिलो, दादा मध्ये. दादा हळू आवाजात म्हणाला, "तू आईचा जीव वाचवायला आली होतीस की केस जिंकायला?" मी म्हटलं, आईला पिवळं दिसत होतं, ते मलाच कळलं होतं, तुम्ही दोघं वय आणि हवा म्हणत बसला होतात. तेही खोटं नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या डॉक्टरवर चिडले. त्याच्या गोष्टीत म्हातारीच्या भांड्यात गुपित सापडलं, म्हणून मीही म्हातारीचं भांडं धरून बसले. पण तो ज्या पानावर संशय घ्यायचा ते पान त्याला ओळखता येत होतं. मला वहिनी किती ओळखू येत होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बरीच शुद्धीवर आली. गोळी थांबवली होती, सलाइनमधून पोटॅशियम हळूहळू चढवत होते. संध्याकाळनंतर तिला वॉर्डात हलवलं. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला विहारातली एक बाई आली, 'पौर्णिमावालेच की' म्हणालेली तीच. तिनं आईच्या कपाळावरून हात फिरवला, इकडंतिकडं नर्स नाही असं बघितलं, आणि पदराच्या गाठीतून काहीतरी काढून आईच्या मुठीत दिलं.

"बाई, घ्या. गळा बसलाय तुमचा."

मी आईची मूठ उघडली. बोटाएवढी, पिवळसर, तंतू सुटलेली काडी. ज्येष्ठमध.

"हे कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

ती बाई दचकली. "अहो, रोजचंच आहे. बाई रोज घसा फोडून वाचतात, मग गळा नको का जपायला? आम्ही सगळ्याजणी देतो. कुणी ना कुणी आणतंच."

वहिनीच्या मांडीवर तीन दिवस असलेली आईची कापडी पिशवी मी उलटी केली. चष्म्याचं घर, रुमाल, छोटी टॉर्च, आणि काड्याच काड्या. काही कोऱ्या, काही चघळून कुंच्यासारख्या झालेल्या. आई गालात काडी धरून वाचायची, घरी आल्यावरही चघळत बसायची, झोपतानाही एक तोंडात. जेवण जाईना तशी ती जास्तच चघळू लागली, कारण तेवढंच गोड लागायचं. आषाढापासून अश्विनापर्यंत. घरात दादा आणि वहिनी रोज बघत होते, पण ज्येष्ठमधाला औषध कोण म्हणतं? ती तर गळ्याची काडी.

मी पळत जाऊन डॉक्टरांना दाखवली. ते कपाळावर हात मारून हसले आणि मग लगेच गंभीर झाले. रोज इतकं ज्येष्ठमध पोटात गेलं की शरीरातलं पोटॅशियम निघून जातं, म्हणाले. एरवी माणसाला थकवा येतो, यांना ती गोळी असल्यामुळं जिवावर आलं. हे मला माहीत होतं. कुठंतरी एका ओळीत वाचलेलं होतं. कण्हेर आठवली, बिट्टी आठवली, सिंधमधली नानी आठवली, आणि आईच्या गालात काय आहे ते बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

त्या विहारात आईला काडी न देणारी मी एकटीच होते. कारण मी वाचन ऐकायला कधी गेलेच नव्हते. माझ्या डॉक्टरवर बोलायला गेले होते, आईला ऐकायला नाही. एक संध्याकाळ जाऊन बसले असते तर पहिल्याच पानाला दिसलं असतं, की बाईंच्या गालात काहीतरी आहे. आणि मी संशयी आहे, मी विचारलंच असतं. याचं मला अजून वाईट वाटतं, काढ्यापेक्षाही जास्त.

काढ्याचं मात्र मी स्वतःला पूर्ण दोषी धरत नाही. जी नजर वहिनीच्या बाटलीवर पडली, तीच त्या बाईच्या पदराच्या गाठीवर पडली. एक डोळा बंद करून दुसरा उघडा ठेवता येत नाही. आई वाचली ती त्या नजरेमुळं, असं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "हो. आणि तुझी वहिनी?"

आई घरी आली. गोळी कमी केली, काड्या सगळ्या फेकल्या. विहारात वहिनीनं स्वतः जाऊन सगळ्या बायकांना समजावून सांगितलं, आपल्या हिंदी-मराठीत. बायका रडल्या, प्रत्येकीला वाटत होतं आपलीच काडी शेवटची. राहिलेली पानं आईनं घरीच, खुर्चीत बसून, घोटभर कोमट पाणी पीत वाचली. आवाज फाटका येत होता, तरी इमारतीतल्या बायका दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या. या वेळी मीही होते, चपलांच्या ढिगाजवळ.

त्यानंतरच्या रविवारी मी स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं. म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

ती पोळी लाटत होती. "नाही ताई, बरोबर केलं तुम्ही. आईंचा प्रश्न होता. टेस्ट तो होना ही चाहिए." आणि पोळी तव्यावर टाकली. तिच्या तोंडावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. मी तो चेहरा वाचायचा खूप प्रयत्न केला.

मग तिनं आईचं ताट वाढलं. बाहेर आणलं, आईपुढं ठेवलं, आणि शेजारी बसून पोळीचा एक तुकडा मोडला. भाजीला लावून खाल्ला. वरणाचा एक चमचा घेतला. भाताची दोन शितं. पाण्याच्या भांड्यातला घोटही. मग हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत थांबली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "जेवा, आई."

मला वाटलं एकदाच करील, राग आहे, निवळेल. पण पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. दादा असला तर ताटाकडं बघत नाही. मी नसते तेव्हा असं काही होत नाही, हे मी शेजारणीकडून काढून घेतलंय. मी दोनदा तिचा हात धरला, म्हटलं, वहिनी, पुरे आता. तिनं हात हलकेच सोडवून घेतला आणि वरण चाखलं.

परवा गेले होते. वहिनी चाखून झाली, आत गेली. आईनं पोळी मोडली, ती गार होऊन वातड झाली होती, तिचे दात आता तेवढे चालत नाहीत. बराच वेळ एक घास चावत राहिली. मग माझ्याकडं न बघता, वहिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तू येत जा. पण जेवायच्या वेळेला येत जाऊ नकोस, बाळा. तू आलीस की मला गार खावं लागतं."